नेटवर्कवर आयडीएस बसवताय? आधी त्याला काय दिसतंय ते बघा, रूल नंतर

एका ठिकाणी तिथल्या टीमने मला सांगितलं, आमचा आयडीएस (नेटवर्कवरची घुसखोरी ओळखून अलर्ट देणारी यंत्रणा) एकदम शांत आहे, पाच आठवडे झाले, नाव घेण्यासारखा एक अलर्ट नाही, म्हणजे नेटवर्क स्वच्छ आहे. मी सेन्सरवर, म्हणजे नेटवर्कचा ट्रॅफिक ऐकणाऱ्या मशीनवर, लॉगिन केलं, तिथल्या झीक या नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कनेक्शन लॉग उघडला आणि त्यातला हिस्ट्री नावाचा कॉलम वरून खाली बघत गेलो. या कॉलममध्ये कनेक्शन सुरू करणाऱ्याने काय काय पाठवलं ते कॅपिटल अक्षरांत येतं आणि समोरच्याने काय उत्तर दिलं ते स्मॉल अक्षरांत. हजारो ओळी होत्या आणि एकही स्मॉल अक्षर नव्हतं. म्हणजे प्रश्न सगळे दिसत होते, उत्तर एकाचंही दिसत नव्हतं. स्विचवर मिरर पोर्ट (ट्रॅफिकची प्रत सेन्सरकडे पाठवणारा पोर्ट) लावताना कोणीतरी एकाच दिशेचा ट्रॅफिक निवडला होता, दुसरी दिशा सेन्सरपर्यंत पोचतच नव्हती.

आता याचा परिणाम काय होतो ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. सुरिकाटा किंवा स्नॉर्ट या आयडीएस सॉफ्टवेअरचे बरेचसे रूल (काय दिसलं की अलर्ट द्यायचा ते सांगणारे नियम) 'कनेक्शन नीट जुळलेलं असेल तरच बघ' अशा अटीवर चालतात. टीसीपीचा तीन टप्प्यांचा हँडशेक सेन्सरला पूर्ण दिसला नाही तर त्याच्या लेखी ते कनेक्शन जुळलेलंच नसतं, त्यामुळे रूल बरोबर असूनही वाजत नाही, एरर येत नाही, सर्व्हिस हिरवी दिसते. पाच आठवडे तो सेन्सर अर्धा आंधळा होता आणि त्या शांततेलाच सगळे सुरक्षितता समजत होते.

म्हणून मी हे लिहायला घेतलंय. आयडीएस बसवण्यावर जे काही वाचायला मिळतं त्यात रूल कसे लिहायचे यावर भरपूर असतं, पण सेन्सर कुठे ठेवायचा, त्याच्यापर्यंत ट्रॅफिक पूर्ण पोचतोय की नाही हे कसं तपासायचं आणि अलर्ट आल्यावर बघणार कोण, यावर फार कमी. आणि माझ्या अनुभवात बिघडतं ते इथेच.

सुरुवात कागदावर

काहीही इन्स्टॉल करायच्या आधी नेटवर्कचं चित्र काढा. हाताने काढलं तरी चालेल पण खरं असायला हवं, दोन वर्षांपूर्वीचं नको. त्यावर तीन गोष्टी रंगवा: कुठली मशीन गेली तर काम ठप्प होईल, बाहेरून आत यायचे रस्ते किती आहेत (इंटरनेट, व्हीपीएन, बाहेरच्या व्हेंडरला दिलेलं कनेक्शन, सगळे), आणि आतल्या आत कुठला भाग कुठल्या भागाशी बोलतो. मग प्रत्येक रस्त्याचा ट्रॅफिक मोजा, एक आठवडा तरी, सरासरी नाही तर सगळ्यात गर्दीच्या वेळचा, कारण सेन्सर कोलमडतो तो गर्दीच्या वेळी आणि हल्ला करणारा नेमका गर्दीतच लपतो.

याच कागदावर अलर्ट कोण बघणार त्या माणसाचं नाव लिहा. 'टीम बघेल' असं लिहू नका. रोज सकाळी कोण, सुट्टीच्या दिवशी कोण, रात्री दोन वाजता गंभीर अलर्ट आला तर फोन कोणाला. हे ठरत नसेल तर प्रोजेक्ट थोडा थांबवा पण हे ठरवा. आणि एक परवानगी लेखी घ्या: पॅकेट कॅप्चर म्हणजे लोकांचं बोलणं त्यात येतं, कोण बघू शकतं, किती दिवस ठेवायचं, हे कायदेशीर विभागाशी बोलून आधीच पक्कं केलेलं बरं.

सेन्सरची जागा

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, फायरवॉलच्या बाहेर की आत? बाहेर ठेवला तर जगभरचे स्कॅनर दिवसरात्र दार ठोठावताना दिसतात, आकडे मोठे दिसतात, पण त्यातलं बहुतेक फायरवॉल अडवतंच, त्यामुळे त्याचं करायचं काहीच नसतं. आत ठेवला तर फायरवॉलमधून जे खरंच पार झालं ते दिसतं आणि, जास्त महत्त्वाचं, आतलं बिघडलेलं मशीन बाहेर कोणाला फोन लावतंय ते दिसतं. एकच सेन्सर असेल तर आतच ठेवा.

आत म्हणजे नेमकं कुठे, तर जिथे नॅट (बाहेर जाताना आतल्या मशीनचे पत्ते एकाच पत्त्यात बदलणं) अजून झालेलं नाही तिथे. नॅट झाल्यानंतरच्या बाजूला बसलात तर सगळी मशीन एकाच पत्त्यामागे लपतात, अलर्ट येतो की आतलं कोणीतरी मालवेअरच्या सर्व्हरशी बोलतंय, आणि मग ते कोणीतरी कोण हे शोधायला फायरवॉलचे लॉग उपसत बसायचं, आणि ते पोर्टच्या नंबरांसकट ठेवलेले नसतील तर विषयच संपला. प्रॉक्सीचं (मशीनच्या वतीने बाहेर कनेक्शन करणारा सर्व्हर) तसंच, प्रॉक्सीच्या पलीकडे बसलात तर सगळं प्रॉक्सीच करतोय असं दिसतं.

डीएनएसचं, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता शोधण्याचं, तर हटकून राहून जातं. ऑफिसातली मशीन आतल्या डीएनएस सर्व्हरला विचारतात आणि तो सर्व्हर बाहेर विचारतो. सेन्सर या सर्व्हरच्या पलीकडे असेल तर प्रत्येक संशयास्पद डोमेनचा अलर्ट डीएनएस सर्व्हरच्याच नावावर येणार. मशीन आणि डीएनएस सर्व्हर यांच्यामधला ट्रॅफिकसुद्धा सेन्सरकडे आणा, किंवा निदान त्या सर्व्हरचे क्वेरी लॉग चालू करून त्याच ठिकाणी जमा करा, म्हणजे अलर्टपासून मशीनपर्यंत दोन मिनिटांत पोचता येतं.

दुसरा सेन्सर मिळाला तर तो सर्व्हरच्या सेगमेंटसमोर. कारण कोणी एकदा आत घुसला की त्याचं पुढचं सगळं काम आतल्या आत चालतं, एका मशीनवरून दुसऱ्यावर, फाइल शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप, डिरेक्टरी सर्व्हर, आणि यातलं काहीही इंटरनेटच्या दारावरून जात नाही. दारावरचा सेन्सर कितीही चांगला असला तरी घरातल्या घरात चाललेली चोरी त्याला दिसणार नाही. तिसरा व्हीपीएन जिथे उलगडतो त्याच्या आतल्या बाजूला. एवढ्याने सुरुवात पुष्कळ होते, उगाच दहा सेन्सर पसरून एकाकडेही नीट लक्ष नाही असं करू नका.

ट्रॅफिक सेन्सरपर्यंत आणायचा कसा

दोन मार्ग आहेत, स्विचचा मिरर पोर्ट (सिस्कोवाले त्याला स्पॅन म्हणतात) आणि टॅप. मिरर पोर्ट फुकट आहे, दहा मिनिटांत लागतो, त्यामुळे सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्याचा हिशोब समजून घ्या. 1 गिगाबिटची लिंक फुल डुप्लेक्स असते, येणारा 1 आणि जाणारा 1, म्हणजे गर्दीत 2 गिगाबिटपर्यंत जाऊ शकतं. मिरर पोर्ट 1 गिगाबिटचाच असेल तर वरचं सगळं स्विच टाकून देतो. आणि इथे एक मोठी गोम आहे: ही पॅकेट सेन्सरपर्यंत आलीच नाहीत, त्यामुळे सेन्सरच्या ड्रॉप काउंटरमध्ये (गळालेल्या पॅकेटच्या मोजणीत) ती मोजलीच जात नाहीत, तिथे शून्य दिसतं आणि आपण खूश होतो. असं नुकसान पकडायचं तर टीसीपीमधल्या भोकांवरून पकडावं लागतं, म्हणजे समोरच्याने डेटा मिळाल्याची पोच दिली पण तो डेटा आपल्याला दिसलाच नाही, असं किती वेळा झालं. झीकमध्ये कॅप्चर लॉस नावाची स्क्रिप्ट नेमकी हेच मोजते, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. सुरिकाटामध्ये रीअसेंब्ली गॅपचा काउंटर आहे, तोही बघत चला.

टॅप म्हणजे लिंकच्या मध्ये बसणारं छोटं उपकरण, ते दोन्ही दिशांची हुबेहूब प्रत काढून देतं, स्विचवर भार येत नाही, काही गाळलं जात नाही. फायबरचा पॅसिव्ह टॅप तर विजेशिवाय चालतो, प्रकाशच दोन वाटांत विभागतो, मात्र त्यामुळे सिग्नल थोडा कमी होतो तो हिशोबात धरायचा. टॅपला दोन आउटपुट असतात, प्रत्येक दिशेचं एक, दोन्ही सेन्सरला लावायची आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायची, एक लावून दुसरं विसरलात की वरची पाच आठवड्यांची गोष्ट पुन्हा घडते. माझं मत विचाराल तर महत्त्वाच्या लिंकवर टॅपच घ्या, बाकी ठिकाणी मिरर चालेल.

मिररच्या आणखी दोन खोडी. आख्खा व्हीलॅन (स्विचवर सेटिंगने वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) दोन्ही दिशांनी मिरर केला तर एकच पॅकेट दोनदा येतं, पोर्टमध्ये शिरताना एकदा आणि दुसऱ्या पोर्टमधून निघताना एकदा, सेन्सरची निम्मी ताकद तिथेच वाया. आणि काही स्विच एका दिशेच्या पॅकेटवर व्हीलॅनचा टॅग ठेवतात, दुसऱ्या दिशेचा काढतात. सुरिकाटा कनेक्शन ओळखताना व्हीलॅनचा नंबरही धरतो, त्यामुळे एकाच कनेक्शनच्या दोन बाजू त्याला दोन वेगळी कनेक्शन वाटतात. असं दिसलं तर व्हीलॅन धरून ट्रॅकिंग करायचं ते सेटिंग बंद करा.

क्लाउडमध्ये वायर नसते, तिथे ट्रॅफिक मिररिंगची सेवा वापरायची, ती बहुधा व्हीएक्सलॅन नावाच्या वेष्टनात गुंडाळून यूडीपी 4789 पोर्टवर पॅकेट पाठवते. सेन्सरला ते गुंडाळलेलं उलगडता येतंय ना ते बघा. गुंडाळीमुळे प्रत्येक पॅकेट साधारण 50 बाइटने वाढतं, त्यामुळे एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) तेवढा मोठा ठेवा, नाहीतर पॅकेटची शेपटी कापली जाते.

कुठलं सॉफ्टवेअर

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी थोडक्यात सांगतो. स्नॉर्ट 1998 मध्ये मार्टिन रॉश यांनी सुरू केला, रूल लिहायची जी पद्धत आज सगळीकडे दिसते ती तिथूनच आली, 2021 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो मल्टीथ्रेडेड (एकाच वेळी अनेक कोर वापरणारा) झाला. सुरिकाटा पहिल्यापासूनच मल्टीथ्रेडेड आहे, 2010 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आली, अलर्टसोबत डीएनएस, टीएलएस, एचटीटीपी यांचे लॉगही जेसन या मजकूर फॉरमॅटमध्ये देतो. झीक, पूर्वीचं नाव ब्रो, व्हर्न पॅक्सन यांनी 1995 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये लिहायला घेतला, त्याचं मुख्य काम रूल जुळवणं नाही, नेटवर्कवर काय काय घडलं त्याची सविस्तर नोंदवही ठेवणं हे आहे.

नव्याने बसवत असाल तर सुरिकाटा आणि झीक दोन्ही, एकाच ट्रॅफिकवर. एक सांगतो काहीतरी वाईट दिसलं, दुसरा सांगतो त्याच्या आधी आणि नंतर काय झालं. दोघांमध्ये कम्युनिटी आयडी चालू करा, म्हणजे एकाच कनेक्शनला दोन्ही लॉगमध्ये तोच ओळख नंबर येतो आणि एका क्लिकवर जोडता येतं. सुरिकाटामध्ये हे मुद्दाम चालू करावं लागतं. सगळं हाताने जोडायचं नसेल तर सिक्युरिटी ओनियन या तयार संचात हे दोन्ही आधीच बांधून मिळतात.

मशीन, नेटवर्क कार्ड आणि ड्रॉप

सेन्सरला किमान दोन इंटरफेस लागतात, एक मॅनेजमेंटसाठी, एक ऐकण्यासाठी. ऐकणाऱ्या इंटरफेसला आयपी पत्ता द्यायचा नाही, त्याने काही बोलायचंच नाही, फक्त ऐकायचं. मॅनेजमेंटचा इंटरफेस वेगळ्या नेटवर्कवर आणि तिथे पोचायची मुभा मोजक्या लोकांनाच. एक लक्षात ठेवा की सेन्सर दिवसभर अनोळखी आणि मुद्दाम वेडीवाकडी केलेली पॅकेट उलगडत असतो, त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये भोक असेल तर हल्ला त्याच्यावरच होऊ शकतो, म्हणून त्याला रूटच्या अधिकाराने चालवू नका आणि अपडेट वेळेवर द्या.

मग नेटवर्क कार्ड. आजची कार्डं आणि कर्नल मिळून सर्व्हरचं काम हलकं करायला लहान लहान पॅकेट जोडून एक मोठं पॅकेट बनवतात, जीआरओ आणि एलआरओ म्हणतात त्याला. वेब सर्व्हरला ते छान, आयडीएसला घातक, कारण वायरवर जसं आलं तसं त्याला दिसत नाही आणि जोडलेलं पॅकेट बफरपेक्षा मोठं झालं तर कापलं जातं. ईथटूल या कमांडने ही दोन्ही बंद करा आणि रीबूटनंतरही बंद राहतील याची सोय करा, ही दुसरी गोष्ट राहते आणि सहा महिन्यांनी एका अपडेटनंतर मशीन रीबूट झालं की सगळं परत पहिल्यासारखं.

थ्रेडची वाटणी, म्हणजे कुठलं पॅकेट कुठल्या कोरवर तपासायचं, हा वेगळा विषय आहे पण एवढं पक्कं ठेवा की एका कनेक्शनच्या दोन्ही दिशा एकाच थ्रेडकडे गेल्या पाहिजेत. कार्डच्या हॅशिंगमुळे त्या फुटल्या तर पुन्हा अर्ध्याच संभाषणाचा प्रकार होतो. पॅकेट चुकीच्या थ्रेडवर आलं हे मोजणारा काउंटर सुरिकाटाच्या स्टॅट्समध्ये असतो, तो वाढताना दिसला तर कार्डवरच्या क्यू एकवर आणा आणि वाटणी एएफ-पॅकेट या लिनक्सच्या कॅप्चर पद्धतीतल्या क्लस्टर फ्लो सेटिंगवर सोपवा.

ताकद किती लागेल? नुसते गिगाबिट बघून ठरवू नका, सेकंदाला किती पॅकेट येतात ते बघा. 10 गिगाबिटची लिंक सगळ्यात लहान पॅकेटनी भरली तर सेकंदाला जवळपास 1 कोटी 48 लाख पॅकेट होतात, मोठ्या पॅकेटनी भरली तर त्याच्या कितीतरी पट कमी. शिवाय एक कनेक्शन एकाच थ्रेडवर जातं, त्यामुळे रात्रीचा बॅकअप एकाच जाड कनेक्शनवर चालत असेल तर एक कोर 100 टक्के आणि बाकीचे रिकामे असं चित्र दिसतं, आणि त्या कोरवरची बाकीची कनेक्शनसुद्धा गळतात. असा ओळखीचा जाड ट्रॅफिक फिल्टरने वगळा, पण काय वगळलं, का वगळलं, कोणी वगळलं हे लिहून ठेवा, कारण ते तुमचे स्वतःहून बंद केलेले डोळे आहेत.

ड्रॉपचं सांगतो. कर्नल ड्रॉपचा आकडा एकूण पॅकेटच्या प्रमाणात बघायचा, दर तासाला. एक टक्का ऐकायला कमी वाटतं, पण एका कनेक्शनमधलं एकच महत्त्वाचं पॅकेट गेलं तरी पुढचं सगळं जुळवणं बिघडतं. मी शून्याच्या जवळच ठेवायचा आग्रह धरतो आणि वाढला की रूल कमी करण्याआधी वरचं सगळं तपासतो.

आणि घड्याळ. सगळे सेन्सर, सर्व्हर, फायरवॉल एकाच वेळेशी जुळलेले हवेत, एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत), आणि लॉगमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. तीन मिनिटांचा फरक असला तरी तपास करताना आधी काय आणि नंतर काय हेच कळत नाही.

होम नेट

कॉन्फिगमध्ये होम नेट नावाचं व्हेरिएबल असतं, तुमचे आतले पत्ते कुठले ते त्यात सांगायचं. इन्स्टॉल केल्यावर त्यात सगळे प्रायव्हेट पत्ते भरलेले असतात आणि लोक ते तसंच सोडतात. तुमच्याकडे पब्लिक पत्त्यांवर सर्व्हर असतील तर ते त्यात नसतात, मग त्यांच्यावरचा हल्ला 'बाहेरून आत' या रूलमध्ये बसतच नाही. दुसरं म्हणजे एक्स्टर्नल नेट. ते बहुधा 'होम नेट सोडून सगळं' असं असतं, त्यामुळे एका आतल्या मशीनवरून दुसऱ्या आतल्या मशीनवर झालेला हल्ला त्या रूलना दिसत नाही. सर्व्हर सेगमेंटसमोरच्या सेन्सरवर एक्स्टर्नल नेट 'कोणीही' असं ठेवा, अलर्ट वाढतील, पण तो सेन्सर तिथे ठेवलाय तो त्यासाठीच. आयपीव्ही6 वापरात असेल, बऱ्याच ठिकाणी नकळत असतंच, तर ते पत्तेसुद्धा घाला.

रूल: थोडे, पण कळलेले

पहिल्या दिवशी सगळे रूल चालू करायचा मोह होतो. जरा साधं गणित करू. समजा दिवसाला 1 कोटी कनेक्शन जातात, त्यातली 100 खरंच वाईट आहेत, आणि तुमचा आयडीएस इतका चांगला आहे की चांगल्या कनेक्शनवर हजारात एकदाच चुकतो. तरी रोज सुमारे 10,000 खोटे अलर्ट, आणि खरे जास्तीत जास्त 100. म्हणजे बघणाऱ्याने शंभर अलर्ट उघडले तर त्यातला एखादाच खरा निघणार. तिसऱ्या दिवशी माणूस थकतो, दहाव्या दिवशी न वाचता क्लोज करतो, आणि खरा अलर्ट त्याच हाताने क्लोज होतो. यात त्या माणसाला दोष देऊ नका, दोष रचनेचा आहे.

म्हणून इमर्जिंग थ्रेट्सचा मोफत रूल संच घ्या पण त्यातले गट निवडा. पहिल्या दोन आठवड्यांत मालवेअरचा संपर्क, ओळखीचे एक्सप्लॉइट आणि तुमच्याकडे खरंच असलेल्या सॉफ्टवेअरचे रूल एवढंच. जे सॉफ्टवेअर तुमच्याकडे नाही त्याचे रूल कशाला? चॅट, गेम, 'पॉलिसी' आणि 'इन्फो' या गटांचे अलर्ट लगेच माणसासमोर आणू नका, लॉगमध्ये जाऊ द्या, तपासाच्या वेळी उपयोगी पडतात. रूल रोज अपडेट करा, सुरिकाटा-अपडेट हे काम करतो, आणि एखादा रूल बंद करायचा तर रूलच्या फाइलमध्ये हात घालू नका कारण पुढच्या अपडेटला ती फाइल नव्याने लिहिली जाते, त्यासाठी वेगळी डिसेबल फाइल आहे, तिच्यात नंबर टाका. नवीन कॉन्फिग लावायच्या आधी टेस्ट मोडमध्ये चालवून बघा, आणि रूल बदलायला सर्व्हिस बंद करायची गरज नाही, चालू असतानाच रीलोड होतात.

स्वतःचे रूल लिहायला कचरू नका, सगळ्यात मोलाचे तेच असतात, कारण तुमच्या नेटवर्कवर काय कधीच होऊ नये हे तुम्हालाच माहीत असतं. डेटाबेस सर्व्हरने स्वतःहून इंटरनेटवर कनेक्शन काढणं, प्रिंटरच्या सेगमेंटमधून रिमोट डेस्कटॉप, डीएनएस तुमच्या सर्व्हरला सोडून भलत्याच पत्त्याला. अशा रूलचा एक अलर्ट बाजारातल्या हजार रूलपेक्षा जास्त सांगतो. त्यांना 10,00,000 ते 19,99,999 मधले नंबर द्या, ती रेंज स्थानिक रूलसाठी राखलेली आहे, आणि सगळे गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवा.

ट्यूनिंग, एक उदाहरण घेऊन

समजा रोज रात्री एक ते तीन एकाच मशीनवरून वेगवेगळ्या सर्व्हरवर एसक्यूएल इंजेक्शन, डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल असे 2,000 अलर्ट येतात. पत्ता शोधला, ते तुमचंच व्हल्नरेबिलिटी स्कॅनर (आपल्याच मशीनमधल्या त्रुटी शोधणारं साधन) निघालं. आता तीन गोष्टी करता येतात. रूल बंद करणं, सोपं, पण मग खऱ्या हल्लेखोराचंही दिसणार नाही. थ्रेशोल्ड लावणं, म्हणजे एका सोर्सकडून तासाला एकच अलर्ट, हे बरं, तरी रोज रात्री तेच. तिसरी, फक्त त्या सोर्स पत्त्यासाठी फक्त त्या रूलना सप्रेस करणं, म्हणजे त्यांचे अलर्ट दाबणं. तेच करा. त्या पत्त्याचे बाकीचे सगळे अलर्ट चालू राहतात, कारण स्कॅनरचं मशीन कोणाच्या हाती लागलं तर त्याच्यासारखा सोयीचा तळ दुसरा नाही, त्याला सगळीकडे जायची मुभा असते. आणि ते सकाळी अकराला स्कॅन करताना दिसलं तर? ठरलेल्या वेळेबाहेरच्या हालचालीसाठी अलर्ट गोळा होतात तिथे एक वेगळी शोध-क्वेरी लावून ठेवा.

प्रत्येक सप्रेसच्या ओळीवर कॉमेंट: तारीख, कारण, कोणी केलं, पुन्हा कधी बघायचं. दर तीन महिन्यांनी ही यादी उघडून बसा. मी बघितलेल्या यादींमध्ये दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या सर्व्हरचे पत्ते सापडलेत, आणि तेच पत्ते मधल्या काळात नवीन मशीनना दिलेले होते, म्हणजे ती नवीन मशीन पहिल्या दिवसापासून सूट घेऊन बसलेली.

एन्क्रिप्टेड ट्रॅफिकचं काय

बहुतेक वेब ट्रॅफिक टीएलएसमध्ये असतो, आतलं दिसत नाही, मग आयडीएसचा उपयोग काय असं लोक विचारतात. उपयोग आहे, फक्त बघायची जागा बदलते. कनेक्शन सुरू होताना क्लायंट ज्या सर्व्हरचं नाव सांगतो ते अजून बहुतेक वेळा उघडं असतं, क्लायंटच्या हँडशेकच्या धाटणीवरून जेए3 सारखा ठसा काढता येतो, आणि कनेक्शन किती वेळाने, किती मोठं, किती नियमित हे तर लपत नाही. दर 60 सेकंदांनी एकाच पत्त्याला जवळपास तेवढ्याच बाइटचं कनेक्शन, रात्री, सुट्टीच्या दिवशीही, हे माणूस करत नाही. टीएलएस 1.3 मध्ये (2018 पासून) सर्व्हरचं सर्टिफिकेटही एन्क्रिप्ट होतं, त्यामुळे सर्टिफिकेट बघणाऱ्या रूलवर विसंबू नका. आणि जे खरंच वायरवर दिसणार नाही त्यासाठी मशीनवरचं एंडपॉइंट संरक्षण लागतंच, ती कसर नेटवर्कवरून भरून निघत नाही.

साठवण

सगळी पॅकेट ठेवायची इच्छा सगळ्यांना असते. 1 गिगाबिट पूर्ण भरून वाहिला तर सेकंदाला 125 मेगाबाइट, दिवसाला 10.8 टेराबाइट. त्यामुळे पूर्ण पॅकेट दोन-चार दिवस, किंवा फक्त अलर्ट आलेल्या कनेक्शनची, नव्या सुरिकाटात ती सोय आहे. झीकचे लॉग त्यामानाने फार लहान असतात, ते निदान वर्षभर ठेवा. घुसखोरी कळते तेव्हा बऱ्याचदा महिने उलटलेले असतात आणि तेव्हा प्रश्न एकच असतो, हे सुरू कधी झालं. लॉग सेन्सरवर न ठेवता लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवा.

चालतंय का ते रोज तपासा

इमर्जिंग थ्रेट्सच्या संचात 2100498 नंबरचा जुना रूल आहे, उत्तरामध्ये 'यूआयडी बरोबर शून्य आणि कंसात रूट' असा लिनक्सच्या आयडी कमांडचा मजकूर दिसला की तो वाजतो. सेन्सरच्या एका बाजूच्या वेब सर्व्हरवर आयडी कमांडच्या आउटपुटची एक टेक्स्ट फाइल ठेवा आणि दुसऱ्या बाजूच्या मशीनवरून ती साध्या एचटीटीपीने मागवा, एचटीटीपीएसने नाही. अलर्ट आला पाहिजे. नुसता सेन्सरवर नाही, बघणाऱ्याच्या स्क्रीनवर. हे क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) टाकून रोज चालवा, प्रत्येक सेन्सरसाठी वेगळं, आणि ठरलेल्या वेळेत अलर्ट आला नाही तर त्याचाच अलर्ट. मिरर बंद पडला, डिस्क भरली, लॉग पाठवणारी सर्व्हिस मेली, रूल फाइल तुटली, यातलं काहीही झालं तरी ही एक टेस्ट ते त्याच दिवशी सांगते. त्या पाच आठवड्यांच्या जागी ही असती तर पहिल्याच सकाळी कळलं असतं.

याशिवाय महिन्यातून एकदा एखादी खरी मालवेअरची पीकॅप (साठवलेल्या पॅकेटची) फाइल सुरिकाटाला ऑफलाइन वाचायला द्या आणि काय पकडलं, काय सुटलं ते बघा.

अडवण्याच्या मोडमध्ये, म्हणजे आयपीएस म्हणून, कधी जायचं? घाई नको. काही महिने नुसतं ऐकू द्या, मग ज्या रूलचा या काळात एकही खोटा अलर्ट आला नाही असे मोजके रूल आधी ड्रॉपवर, म्हणजे पॅकेट अडवण्यावर, न्या. सेन्सर बंद पडला तर ट्रॅफिक थांबणार की तसाच वाहणार हे आधी ठरवा आणि एकदा शनिवारी रात्री प्रत्यक्ष वीज काढून बघा.

शेवटचं काम तांत्रिक नाही पण मी कुठेही सोडत नाही. नेटवर्क टीमच्या बदलाच्या फॉर्ममध्ये एक ओळ घालून घ्या: 'या बदलाने मिरर पोर्ट, टॅप, व्हीलॅन किंवा पत्ते बदलतात का?' हो असेल तर बदल झाल्यावर त्याच रात्री वरची टेस्ट चालवायची, झीकचा हिस्ट्री कॉलम उघडायचा, आणि त्यात स्मॉल अक्षरं दिसेपर्यंत तो बदल पूर्ण झाला असं म्हणायचं नाही.